जुनी पद्मिनी घरी उघडावी की गॅरेजला द्यावी?

डोंबिवलीकर_११००
आधी मत मांडतो, मग खुशाल हाणा. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, ही घरच्या घरी, आपल्या हातांनी दुरुस्त करायची गाडी आहे. गॅरेजला देऊन लाखांनी पैसे ओतायची नव्हे.

आमची १९७५ची. बाबांनी सेकंडहँड घेतलेली. ते गेल्यापासून सात वर्षं इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. मध्यंतरी एका रिस्टोरेशनवाल्याला दाखवली. आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात नवी गाडी दारात येते. मुदत काय, तर 'आठ महिने, पुढे बघू'.

म्हटलं, आपणच बघू. १०८९ सीसी, चार सिलेंडर, एक कार्ब्युरेटर, एक डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डबा). ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. बॉनेट उघडलं की खालची फरशी दिसते इतकी मोकळी जागा. बाबा दर रविवारी डेल्कोतले पॉइंट घासून अंतर लावायचे. कसाऱ्याच्या घाटात इंजिनवरचा पेट्रोल पंप तापून गाडी बसली की त्यावर ओला नॅपकिन टाकायचे, थर्मासमधला चहा व्हायचा, गाडी पुन्हा चालू. मेकॅनिक कशाला लागतो?

इंजिन जाम होतं. मी प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन रात्री तसंच ठेवलं, मग हँडलने हळूहळू फिरवलं. सुटलं! पॉइंट, कंडेन्सर, प्लग, पेट्रोलचे पाइप नवे. तिसऱ्या रविवारी इंजिन बोललं. शेजारचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिले, आवाज ओळखीचा वाटला म्हणे.

आता उरलेत ब्रेक आणि खालचा पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक आहे. छोटं वेल्डिंग मशीन मागवलंय, व्हिडिओ बघून सराव चाललाय. बोला.

उद्यमनगरचा_पाना
दादा, इंजिन चालू केलंत, मानलं. पण पुढचं वाचून हात कपाळाला गेला.

कोल्हापुरात आमचं तीस वर्षं डेंटिंगचं काम आहे. एक गोष्ट समजून घ्या, ही जीप नव्हे. जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. फियाटला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालून जाणारी पोकळ पेटी, खांब, हे सगळं मिळूनच चासी. तुम्ही ज्याला भोक म्हणताय ते गाडीच्या हाडाला पडलंय.

दुसरं, रॉडचं वेल्डिंग त्या पातळ पत्र्यावर चालवलं तर तळहाताएवढं भोक ताटाएवढं होईल. तिथं सीओटू (गॅस सोडत तारेने करायचं) वेल्डिंग लागतं, तेही टाका-टाका मारून, गार होऊ देत. आणि पत्रा कापायच्या आधी दारांच्या चौकटीत तिरके पाइप मारून घ्यावे लागतात. नाही मारले तर बॉडी मधोमध बसते. मग दारं जन्मात लागत नाहीत.

उद्या एवढंच करा. पुढची बाजू जॅकवर घ्या आणि चारही दारं उघडून लावून बघा. काय होतंय ते इथं लिहा.

चाळीस_घोडे
एवढा जीव का काढताय दोघं? बॉडी करून घ्या आणि आत मारुतीचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक बसवा. चाळीस घोड्यांच्या इंजिनावर आज हायवेला गेलं तर मागचा ट्रकवाला आईबहीण काढतो. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, सीटबेल्टचा पत्ता नाही. जुनी आहे म्हणून असुरक्षित ठेवायची, हे कसलं प्रेम?

जुना_आरसी
म्हणजे पद्मिनीच्या कातड्यात मारुती. मग पद्मिनी हवीच कशाला?

मुद्दा भावनेचा नाही, कागदाचाही आहे. २०२१च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी आणि मूळ रूपात हवी. बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, 'व्हीए' मालिकेचा नंबर, मुदत दहा वर्षं. यांची गाडी त्यात बसते. इंजिन बदललंत की ते दार स्वतःच्या हाताने बंद केलंत.

घरी काम करायलाही माझा विरोध आहे, कारण वेगळं. घरी माणूस हौसेने चार वस्तू उघडतो आणि मूळचे स्क्रू, क्लिपा, रबरं हरवतो. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्ट मिळत, कारण गिऱ्हाईक होतं. आता ज्या कुर्ल्यात ही गाडी बनत होती त्याच कुर्ल्याच्या भंगारात तिची काच शोधत फिरावं लागतं.

डोंबिवलीकर_११००
@जुना_आरसी, व्हीए नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला ती काचेच्या कपाटात नको. रविवारी बायकोला शेजारी बसवून, स्टिअरिंगवरचा गिअर टाकत ठाण्याला मामलेदारची मिसळ खायला जायचंय. माझा हट्ट इतकाच.

@उद्यमनगरचा_पाना, गॅरेजवर विश्वास का नाही ते सांगतो. बाबा असताना एकदा ब्रेकचं पूर्ण काम करून घेतलं. बिलात चार नवे व्हील सिलेंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारे. आता ड्रम उघडले तर त्यातले दोन बाबा आदमच्या काळातले, वरून नुसता चंदेरी रंग मारलेला. पिस्टन गंजून चिकटलेत, रबराचे कप हातात चुरा झाले. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोन चाकांच्या ब्रेकवर घाट उतरत होतो. मी केलं असतं तर रंग मारून फसवलं कुणाला असतं, स्वतःला?

तीन_मजले_वर
मी गाडीवाली नाही, गाडीवाल्याची बायको आहे. नाशिक. आमच्याकडे अँबॅसिडर पाच वर्षं 'चालू होतेय'.

दोन गोष्टी कुणी बोलतच नाहीये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर ती काळी भुकटी फुंकायची नाही, हवेच्या पाइपने उडवायची तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा पॉलिश पेपर मारला की ते हवेत. आमच्या ह्यांनी हा उद्योग पार्किंगमध्ये केला, खाली मुलं खेळत होती. गॅरेज परवडत नाही म्हणून घरी करता, मान्य. पण ते 'घरी' म्हणजे अख्ख्या सोसायटीच्या नाकात असतं.

आणि दादा, वेल्डिंग करणार असाल तर पेट्रोलची टाकी आधी काढून लांब ठेवा. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत वाफ असते.

चाळीस_घोडे
ताईंनी सगळ्यांची विकेट काढली.

मी डिस्कचा मुद्दा सोडत नाही. जुन्या ब्रेकला एकच सर्किट. ब्रेक ऑइलचा एक होज (रबरी पाइप) फुटला की पेडल थेट फरशीला, चारही चाकं गेली. हे घरी शिकत शिकत करायचं काम?

डोंबिवलीकर_११००
त्याच कारणासाठी होज, व्हील सिलेंडर, पेडलने चालणारा मास्टर सिलेंडर, सगळं नवं टाकतोय. ऑइल भरून मुलगा पेडल दाबणार, मी खाली ब्रेकच्या पाइपांतली एअर काढणार. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मास्टरपासून सगळ्यात लांबचं आधी. यात न जमण्यासारखं काय आहे? घाई करायची नाही, आणि गाडी जॅकवर नाही, घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची. पहिले पंधरा दिवस इमारतीच्या आवारातच.

उद्यमनगरचा_पाना
ब्रेकबद्दल माझी हरकत नाही. मन लावून करणारा मालक घाईतल्या पोऱ्यापेक्षा बरा. पेट्रोलच्या पाइपाकडे मात्र पुन्हा बघा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पाइप नवे टाकलेत, पण पंपातला पडदा जुनाच असेल. तो गेला तर पेट्रोल इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला वास घेत चला.

आणि जॅकचं काय झालं?

डोंबिवलीकर_११००
आज सकाळी केलं.

चारही चाकं जमिनीवर असताना दारं व्यवस्थित लागतात. पुढून उचलली आणि डावीकडचं मागचं दार लागेना, खालच्या कोपऱ्यात अडकलं. खाली सोडली, लागलं. तीनदा केलं. तीनदा तेच.

मग त्या दाराखालच्या पेटीला स्क्रूड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत आत. वरचा रंग सोललाच, खाली बोटभर जाड लांबी (भोकं बुजवायचं पुटीन). लांबी फोडली तर आत पत्राच नाही, वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत. म्हटलं, हे कुठल्या तरी भामट्या गॅरेजवाल्याचं काम. एक बोळा उलगडला. १९९१चा पेपर, आणि कडेला पेनने दुधाचा हिशोब. अक्षर बाबांचं.

ब्रेक मीच करणार. इंजिनला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. पत्रा मात्र नाही, वेल्डिंगचं मशीन परत पाठवतोय. पानासाहेब, कल्याण-भिवंडीकडे सीओटूवाला कुणी माहितीतला आहे का?

उद्यमनगरचा_पाना
बघून कळवतो. तोवर कुणाकडे गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा, पत्रा कापायच्या आधी चौकटीत पाइप मारणार का? 'गरज नाही' म्हणाला तर तिथूनच गाडी माघारी फिरवा.