चर्चा : गोल फिरणाऱ्या उंदरांची पैदास आता थांबवावी का?

खारघरकर : सात वर्षं नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पिंजरे सांभाळले. ‘वॉल्ट्झर’ उंदीर एकदा बघाच. बहिरा, मान सारखी वर झटकणारा. एकाच कोपऱ्यात स्वतःभोवती इतका फिरतो की भुसा सरून तळाला वाटीएवढा गोल मोकळा पडतो. जपानात असे ‘नाचरे उंदीर’ लोक हौसेनं पाळायचे. नाच कसला! आतल्या कानातल्या, आवाज आणि तोल टिपणाऱ्या केसपेशी बिघडलेल्या, तोलच नाही. दोष कॅडहेरिन-२३ जनुकात आहे, हे 2001 मध्येच कळलं. मग अजून पिढ्यान्‌पिढ्या हे जीव कशाला जन्माला घालायचे?

घोडबंदरची आई : दादा, तेच जनुक माझ्या मुलात बिघडलंय. अशर सिंड्रोम, म्हणजे कान आणि तोल जन्मापासून गेलेला, पुढे नजरही जाते. जन्मापासून ऐकू येत नाही, चालायला दोन वर्षं लागली. ‘होतं काहींचं उशिरा’ म्हणत सगळ्यांनी वेळ घालवला. आता दहा वर्षांचा आहे, संध्याकाळी जिन्यात भिंत चाचपत उतरतो. 2017 मध्ये अशरचंच, पण वेगळं जनुक बिघडलेल्या उंदरांच्या नवजात पिल्लांच्या कानात बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी चांगलं जनुक सोडलं. ती ऐकू लागली, त्यांचा तोल सुधारला. हे उंदीर नसते तर?

कळव्याचा बायोटेकवाला : मुळात उंदराच्या कुठल्याही वागण्याला ‘आनुवंशिक’ म्हणताना जपावं. सी३एच या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदराला स्मरणशक्तीच्या चाचणीत टाकीतला पाण्याखालचा मचाण सापडत नाही, म्हणून तो मंद ठरवायचा? त्याच्या डोळ्यातला पडदाच लहानपणी झिजतो, त्याला दिसतच नाही! आणि 1999 मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्याच जातींचे उंदीर, तेच प्रयोग, वेळसुद्धा तीच ठेवली, तरी काही निकाल जुळले नाहीत. आधी कान, डोळे, पिंजरा तपासा.

खारघरकर : ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण वॉल्ट्झरचे डोळे माणसासारखे जात नाहीत. मुलाच्या डोळ्यांबद्दल तो काय सांगणार? भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात. वाण टिकतो, पिंजरे रिकामे होतात.

घोडबंदरची आई : डोळ्यांसाठी दुसरा प्राणी लागेल, मान्य. पण कानाचं काम अजून संपलेलं नाही. गोठवलेलं पुन्हा बाहेर काढायला पैसे कोण मंजूर करणार, आणि कधी? माझ्या मुलाला आत्ताच कडेची माणसं दिसेनाशी झालीत.