जुने टिकी बार: बघण्यासारखे, की दुसऱ्यांच्या देवांची थट्टा?

सागरगोटा: हवाईत आठ दिवस गाडी भाड्याने घेऊन फिरलो. बायकोला ज्वालामुखी बघायचा होता, मला जुने टिकी बार, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या देवमूर्तींच्या थाटात सजवलेले दारूचे बार. होनोलुलूत सँड आयलंडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गोदामं आणि कंटेनर. चुकलो म्हणून गाडी वळवणार, तोच 'ला मारियाना'ची पाटी दिसली. १९५७ सालची ही जागा. आत मिट्ट काळोख. डोळे सरावले की छताला टांगलेले फुगलेले काटेरी मासे दिसू लागतात, प्रत्येकाच्या पोटात दिवा. शहरातले मोठे टिकी बार एकेक करून बंद पडत गेले, तसं त्यांचं सामान मालकीणबाईंनी इथे आणलं. वाडा पाडला की त्याचे खांब-दरवाजे एखादा वेडा जपून नेतो ना, तसं. रिसॉर्टमधली चकचकीत माई ताई (टिकी बारमधलं रमचं कॉकटेल) सोडा आणि हे बघून या.

शेवगा: असहमत. जपलंय काय, तर नक्कल! टिकी बार जन्मला हॉलिवूडमध्ये, १९३३च्या सुमारास. माई ताई १९४४ची, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडची, तीही जमैकाच्या रमची. हवाईत ती आली १९५३ला. तिथल्या लोकांचं स्वतःचं पेय म्हणजे 'आवा', मुळं कुटून केलेलं. तिथे मूर्तीला 'टिकी' नव्हे, 'कीई' म्हणतात. १८१९मध्ये जुना धर्म मोडला, तेव्हा त्या मूर्ती जाळल्या गेल्या. १८९३मध्ये हवाईच्या राणीचं राज्य गेलं. आणि पुढे त्याच देवांच्या तोंडवळ्याचे पेले करून त्यात दारू! खंडोबाच्या टाकासारख्या पेल्यातून कोणी रम दिली तर चालेल?

सागरगोटा: नाही चालणार. पेल्यांचं मान्य. पण हवाईतल्याच काउआई बेटावर हनालेई गावात 'ताहिती नुई' आहे, १९६३चा. तो काढणाऱ्या नवराबायकोतली बायको ताहितीचीच. तिने भिंतीला चटई लावली तर ती नक्कल कशी?

शेवगा: ताहिती ते हवाई चार हजार किलोमीटरच्या वर आहे हो. उद्या पंजाबी बाईंनी कोल्हापुरी थाळी काढली तर अस्सल म्हणाल?

सागरगोटा: चव बघून सांगेन. आणि नक्कलही साठ वर्षं टिकली की तिला स्वतःचा इतिहास येतो. तिथे संध्याकाळी गावातलेच लोक बसलेले होते, पर्यटक आम्ही दोघंच.

कडकलक्ष्मी: अवांतर: हनालेईला जाताना एका वेळी एकच गाडी जाईल असा जुना पूल लागतो. माई ताईत रम किती असते हेही ठाऊक आहे. गाडी कोण चालवत होतं?

सागरगोटा: बायको. तिने नुसता अननसाचा रस घेतला आणि परतताना वाटभर ऐकवलं.

शेवगा: बरं, पेल्यांचं मान्य म्हणालात. आणला नाहीत ना एखादा?

सागरगोटा: ओट्यावर आहे. झारे-उलथणी ठेवतो त्यात.