हात हलवला की मासे पळतात, त्यातून काय शिकायचं?

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "महोत्सवातली ती इंटरॅक्टिव्ह भिंत, हात हलवला की पडद्यावरचे मासे पळतात ती, म्हणजे जत्रेतला पाळणा. सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकण्यासारखं त्यात शून्य." रात्रभर डोक्यात घोळलं, म्हणून लिहितोच. मायरन क्रूगर या अमेरिकन संगणक-कलाकाराने सत्तरच्या दशकात 'व्हिडिओप्लेस' उभं केलं ते कला म्हणूनच. माऊस नाही, हातमोजे नाहीत. कॅमेरा तुमची सावली पकडणार आणि चित्र त्या सावलीशी खेळणार. दोन बोटांची चिमटी फाकवणं त्यात १९८०च्या दशकातच होतं. आयफोन आला २००७ साली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या सावली-बाहुल्या बघत वाढलेल्यांना सावलीची ताकद मी सांगायची?

भरतीओहोटी: ते "कुणीतरी" म्हणजे मीच. चिमटी मान्य. एवढ्या वर्षांत एक चिमटी, अभिनंदन! भिंतीपुढे माणूस चुकला तर हसतो. तिकिटाच्या मशीनपुढे चुकला तर त्याची गाडी जाते. पिंगुळीला मध्ये आणू नका.

एसटीपास: तिकिटाचं नाव काढलंत म्हणून. पावसात ओल्या बोटाने ते मशीन वेड्यासारखं करतं. काचेवरचा थेंबही त्याला बोटच वाटतो. आमच्याकडे चार महिने बोट कोरडं असतं कधी?

काजूबी: माझी आई तीस वर्षं काजू सोलते. टरफलाच्या तेलाने बोटं जळून ठसे गुळगुळीत झालेत. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. तीन खेपा झाल्या. दुकानदार म्हणतो, "हात धुऊन या." तीस वर्षांचं तेल धुऊन जातं होय?

भरतीओहोटी: वाईट आहे, पण रेशनसाठी वेगळा धागा काढा ना.

काजूबी: का? माणूस आणि यंत्र हाच विषय ना? की माणूस फक्त महोत्सवातला?

खाडीकाठ: अहो, माझा मुद्दा हाच! 'टेक्स्ट रेन' ही कलाकृती घ्या, १९९९, अटरबॅक आणि अकिटूव्ह या कलाकारांची. पडद्यावर अक्षरांचा पाऊस, आणि जे गडद दिसेल त्यावर अक्षरं अडकतात. फिकट कपडा असला तर सरळ खाली. यंत्राला आपण दिसत नाही हे तिथे उभ्या-उभ्या कळतं. रेशनचं मशीन तेच लपवतं, वर दोष बोटांना.

भरतीओहोटी: बरं बाबा, जिंकलात. अर्धे. पण काजू सोलणाऱ्या बायकांना त्या भिंतीपाशी बोलावलं कुणी?

काजूबी: आई गेली होती, न बोलावता. मासे पळाले तिच्या हाताने. म्हणाली, "ह्येका माजो हात दिसता, मगे रेशनवाल्याक कित्या दिसणा नाय?"

एसटीपास: आमच्या वाडीत मोबाईलवर ओटीपी मागवून धान्य दिलं. विचारून बघ.

काजूबी: नंबर माझा जोडलाय. आणि मी डोंबिवलीत.