‘द रेव्हनंट’ : डिकॅप्रिओला ऑस्कर अभिनयाचं मिळालं की सोसण्याचं?

पार्क चौक
रविवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. आम्ही बाप-लेक पडदे ओढून ‘द रेव्हनंट’ बघत बसलो. 1823 साली अमेरिकेच्या रानात अस्वलानं फाडलेला, सोबत्यांनी मरायला टाकलेला ह्यू ग्लास सरपटत परत येतो, ती गोष्ट. बघून माझं मत पक्कं झालं : लिओनार्दो डिकॅप्रिओला 2016 चं ऑस्कर हाल सोसल्याबद्दल मिळालं. गोठवणाऱ्या नदीत उतरला, खोटी कलेजी तयार असताना बायसनची खरी, कच्ची चावली, म्हणून सगळे भारावले.

माझे वडील 30 वर्षं यंत्रमागावर होते. चादर घेताना गिऱ्हाईक विणकराचा घाम मोजत नाही, वीण बघतं. नटाचाच घाम का मोजायचा? त्याआधी अभिनयाची 4 नामांकनं मिळूनही त्याचं ऑस्कर हुकलं होतं. ‘द एव्हिएटर’ सिनेमात रक्त येईस्तोवर हात धुणारा त्याचा विमानवेडा अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज मला आजही अस्वस्थ करतो. तिथं बर्फ नव्हता, अस्वल नव्हतं. नुसता नट होता.

नान्नजकर
मालक, वीणच बघू या की. अस्वल समोर नव्हतंच! निळ्या पोशाखातला स्टंटमन होता, डिकॅप्रिओला दोरानं ओढत होते, अस्वल नंतर संगणकावर आलं. म्हणजे सिनेमातली सगळ्यात भयंकर वेदना सोसलेली नाही, घडवलेली आहे.

आणि ग्लासच्या पोराचा, हॉकचा खून? बाप स्ट्रेचरला बांधलेला, गळा फाटल्यामुळं ओरडता येत नाही. डोळ्यांदेखत त्याचा सोबती फिट्झजेराल्ड पोराला भोसकतो आणि बापाच्या दातांतून नुसती थुंकी उडते. थंडीचा काय संबंध तिथं? मी तो प्रसंग एका दमात बघू शकलो नाही.

विजापूर वेस
पार्क चौकाशी सहमत. खरा नट टॉम हार्डी. त्याचा फिट्झजेराल्ड भित्रा आहे म्हणून क्रूर आहे, आणि ते दर वाक्याला कळतं. बिचारा नामांकनावरच थांबला.

मागची रांग
हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला उभा राहिलोय, म्हणून बोलतो. हातात संवाद नसला की नट उघडा पडतो. इथं तर छायाचित्रकार लुबेझ्कीचा कॅमेरा इतका जवळ की श्वासानं भिंग धुरकटतं. जवळजवळ सगळं चित्रीकरण नैसर्गिक उजेडात, त्यामुळं दिवसभर तालीम आणि उजेड जायच्या आत टेक. कॅनडातला बर्फ वितळला म्हणून शेवटाचं चित्रीकरण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला नेलं. एवढ्या तुकड्यांत काम करूनही ग्लासची जखम किती दिवसांची झाली ते मला त्याच्या श्वासावरून कळत होतं. विणकाम विणकाम म्हणतात ते हेच ना?

पार्क चौक
अस्वलाचा आणि हॉकचा मुद्दा मान्य. पण पुढं दीड तास एकच सूर : कण्हणं आणि सूड. इतिहासातला ग्लास ज्यांनी टाकलं त्या दोघांपर्यंत पोचला आणि दोघांनाही जिवंत सोडलं. मुलाचा खून सिनेमानं घातलाय. सूड घ्यायला निघालेला माणूस ऐन वेळी हात आवरतो, ते करणं किती अवघड! सिनेमातला ग्लास फिट्झजेराल्डला शेवटी देवाच्या हवाली करतो खरा, पण तोवर फिट्झजेराल्ड अर्धमेला झालेला असतो. ती संधी डिकॅप्रिओला मिळायला हवी होती.

नान्नजकर
एकच सूर म्हणू नका. आमच्या माळावर लांडगं आहेत. अचानक समोर आलं की माणूस जागीच थिजतो, नजर हलत नाही. बायसनवर तुटून पडलेल्या लांडग्यांकडं ग्लास बघतो ती नजर मला अगदी ओळखीची वाटली. आणि तो पॉनी या आदिवासी जमातीतला माणूस भेटल्यावर दोघं जीभ काढून पडणारा बर्फ झेलतात, हसतात, ते विसरलात? अख्ख्या सिनेमात ग्लास आनंदात दिसतो तो तेवढाच. थोड्या वेळानं तो माणूस झाडाला लटकलेला दिसतो, तेव्हा त्या हसण्याची किंमत कळते.

पार्क चौक
काल रात्री तो प्रसंग परत लावला. वडील दोनदा म्हणाले, “मागं घे जरा.” ऑस्करबद्दलचं मत अजून तेच आहे. पण ‘एकच सूर’ हे शब्द मागं घेतो.