मेहरांगीर पाडला, आणि आपण गप्प बसलो

जुनीवास्तू: "खासगी मालमत्ता होती, विकली, पाडली. रडता कशाला?" ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मुंबईतल्या मलबार हिलवरचं मेहरांगीर म्हणजे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं घर. १९६६ ला ते विमान अपघातात गेले. भाऊ जमशेद यांच्या २००७ मधल्या निधनानंतर मृत्युपत्रानुसार घर एनसीपीएकडे, म्हणजे नाटक-संगीताच्या राष्ट्रीय कला केंद्राकडे आलं. २०१४ ला लिलाव झाला, ३७२ कोटींना. बीएआरसीतले, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातले कर्मचारी संग्रहालय करा म्हणत कोर्टापर्यंत गेले. २०१६ ला बंगला पाडला. अणुभट्टीवर हजारो कोटी खर्चणाऱ्या सरकारला हे घर घेता आलं नाही?

रंगमंच: एनसीपीए जमशेद यांनीच उभी केली, घरही त्यांनीच तिला दिलं. नाटक-संगीत फुकट चालत नाही. आणि स्मारकच हवं तर होमी भाभांनी उभी केलेली टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे की!

जुनीवास्तू: तीच टीआयएफआर मुंबईत १९४५ ला सुरू झाली पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात, भाभा जन्मले त्या घरात. माणूस घडतो तो घरात, संस्था नंतर येते.

पेठकर: वारसा म्हणून गळे काढणाऱ्यांनी एकदा वाडा सांभाळून दाखवावा. आमच्याकडे नऊ बिऱ्हाडं, भाडं महिना तीस रुपये. तुळई खचली, टेकू आमच्या खर्चाने. भाडं गोठवणाऱ्या १९४७ च्या भाडे कायद्याने मालकाला भिकेला लावलं.

बिऱ्हाडकरू: आणि पागडी, म्हणजे खोली देताना आगाऊ घेतलेली मोठी रक्कम, ती कोणी घेतली? आजीने पाटल्या मोडून दोन खोल्या घेतल्या. आमच्या मालकाने वर्षानुवर्षं कौलं शाकारली नाहीत. पावसाळ्यात अंथरुणाशेजारी पातेली मांडायचो. वाडा पडावा म्हणूनच कुजवतात.

पेठकर: तुमच्या मालकाचं पाप माझ्या वडिलांच्या माथी मारू नका. ते साठीतही स्वतः छपरावर चढायचे.

बिऱ्हाडकरू: ते चढत असतील. आमचा मालक कधी वाड्यात फिरकलाही नाही.

रंगमंच: धागा मेहरांगीरचा आहे हो! आणि हो, सरकारने योग्य दाम मोजून घर घेतलं असतं, तर माझी हरकत नव्हती. एनसीपीएलाही पैसे मिळाले असते.

जुनीवास्तू: मग दोन वर्षं मी दुसरं काय म्हणत होतो?

पेठकर: ठीक, एवढं मान्य. पण मग तोच न्याय पेठेतल्या वाड्यालाही लावा. जपायचा तर बाजारभावाने घ्या, नाहीतर आम्हाला पाडू द्या. मी आज सही करतो.