बॅनिश्ड : एकट्या म्हाताऱ्यांची घरं पाडावीत का?

शिकाऊ सरपंच : रविवारी रात्री दीड वाजता माझं गाव कोलमडलं. न खेळलेल्यांसाठी : बॅनिश्ड हा २०१४चा गेम, ल्यूक होडोरोव्स्की या एकट्या माणसानं बनवलेला. हाकलून दिलेली मूठभर कुटुंबं जंगलात येतात, त्यांचं गाव आपण वसवायचं. लढाया नाहीत, पैसा नाही. भूक, थंडी आणि म्हातारपण, हेच मोठे शत्रू.

गेमच्या एका वर्षात माणसाचं वय साधारण पाच वर्षांनी वाढतं. पाच जणांच्या घरात बघता बघता आजी-आजोबा उरतात, मग नुसती आजी. शेजारी पंचविशीची पोरं आईबापांकडेच पडून. घर नाही म्हणून संसार नाही, संसार नाही म्हणून पाळणा नाही. मग म्हातारे लागोपाठ जातात आणि शेतात माणूस दिसत नाही.

माझं मत : एकट्या म्हाताऱ्याचं घर सरळ पाडायला लावावं. बोर्डिंग हाउस, म्हणजे बेघरांसाठीची सामायिक इमारत, असलं की माणूस तिकडे राहायला जातो आणि त्या जागी पोरांचा संसार थाटता येतो. निर्दय वाटेल, पण गाव जगतं.

नदीकाठ : साफ असहमत. गावावर भार म्हणावं तर ही माणसं बसून खात नाहीत! या गेममध्ये निवृत्तीच नाही. सत्तरीचा लोहार मरेपर्यंत घण मारतो, आणि शाळा शिकलेला असेल तर अडाणी पोरापेक्षा त्याच्या हातून काम जास्त होतं. लाकडी घराला लागतात १६ ओंडके आणि ८ दगड. एवढ्यासाठी म्हातारीला उठवायचं? नवीन घर बांध की.

शिकाऊ सरपंच : ओंडके आहेत हो, सरपण नाही. प्रत्येक घराची चूल वेगळी. घरात पाच जण असोत की एकटी आजी, हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायला लाकूड तेवढंच जळतं. एकट्या आजींची दहा घरं म्हणजे दहा चुली.

हिवाळी पाहुणा : सरपणाचा मुद्दा बरोबर. पण त्यावर इलाज दगडी घर, तिथे जळण बरंच कमी लागतं. २४ ओंडके, ४० दगड, १० लोखंड. (दगडासाठी खाण काढलीस की त्यात धडधाकट माणसं दगावतात, ते वेगळंच.)

जुना खेळाडू : दोघंही भलतीकडे चाललात. सरपंच, खरं सांगा, सुरुवातीला धान्य साठलं म्हणून एका दमात वीसेक घरं उठवलीत ना? वीस जोडपी एकाच वयाची, एकाच वेळी पोरं, एकाच वेळी म्हातारपण, एकाच वेळी तिरडी. सिटीज : स्कायलाइन्स या शहर वसवायच्या गेममध्येही हेच : मोठी वस्ती एकदम वसवली की काही वर्षांनी शववाहिन्यांनी रस्ते तुंबतात. दर वर्षी दोन-तीन घरं बांधत राहा, एकही हातोडा उचलावा लागणार नाही. आणि शाळा मध्येच सुरू केलीत का? शाळा नसेल तर पोर दहाव्या वर्षी कामाला लागतं, असेल तर सोळा-सतराला. तोवर मजुरांचा खड्डा. दोष म्हाताऱ्यांचा नाही, तुमच्या घाईचा.

शिकाऊ सरपंच : वीस नाही, अठरा. शाळाही त्याच वर्षी. ठीक आहे, चुकलं. पण आता गाव मोडकळीला आलंय, पुढच्या वेळचा सल्ला आज काय कामाचा?

नदीकाठ : मग पाडून बघितलंस का?

शिकाऊ सरपंच : काल एक पाडलं. क्लिक केलं तर वय ६८, काम मासेमारी, घर तळ्याला खेटून. बाई मुकाट्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला बोर्डिंग हाउसात गेली. आता रोज अख्खा नकाशा चालत तळ्यावर येते, गळ टाकते न टाकते तोच जेवायला परत. मासळी निम्म्यावर आली.

नदीकाठ : म्हणजे कामाची होती ती. निकामी तू केलीस.

हिवाळी पाहुणा : बोर्डिंग हाउस तळ्याजवळ बांधायचं ना राव!