मदत हवी आहे: ट्रेलरचं डावं चाक तापतंय, बेअरिंग की ब्रेक?

छोटा कॅरावान ट्रेलर आहे, एकच ॲक्सल, इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. नागपूरहून मनसरला पोचेपर्यंत डाव्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात टेकवत नाही, उजवा नुसता कोमट. (उन्हावर ढकलू नका, पहाटेही तेच.) बेअरिंग, रेस (बेअरिंग ज्यात फिरतं ती कडी), ग्रीस सील सगळं नवं. नट आवळून चाक फिरवलं, मग सैल करून बोटांनीच घट्ट केला, कॉटर पिन टाकली. जॅकवर चाक हलवून पाहिलं, प्ले (ढिलेपणा) नाही. फिरवताना मात्र दर फेरीला एकाच जागी घासतं. ब्रेकची वायर काढूनही तसंच. ॲडजस्टर (ब्रेक शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) मागे घेतला की घासणं थांबतं, पण मग डावा ब्रेक नावालाच. टायरची हवा ठीक, लोडही बेताचा. मला तरी ड्रम अंडाकृती झालाय असं वाटतं. नवा बाहेरून मागवावा लागेल, म्हणून विचारतोय: जुनाच लेथवर मारून (आतून कातून गोल करून) भागेल का, आणि कामठी रोडकडे असं काम नीट करणारं कोणी आहे का?